गुलकंदाच्या आईस्क्रीममध्ये दरवेळी बर्फाचे खडे का होतात?

चैत्र लागला की आमच्या घरी गुलकंदाचं आईस्क्रीम होतंच. आणि बरीच वर्षं ते एकाच तऱ्हेने बिघडत होतं. वरून दिसायला छान, पण चमचा आत गेला की करकर वाजायचं. तोंडात आधी बर्फ यायचा, मग दूध, आणि गुलाब सगळ्यांत शेवटी, तोही पुसटसा. मी क्रीम बदलून पाहिलं, फ्रीजरचं बटण शेवटच्या आकड्यावर नेलं, कॉर्नफ्लोअर दुप्पट घातलं. करकर काही गेली नाही. त्याच पातेल्यात आणि त्याच फ्रीजमध्ये केलेलं साधं मलई आईस्क्रीम मात्र तलम व्हायचं. दोन्हींत वेगळा होता तो फक्त गुलाब. तिथून मागोवा घेत गेले तेव्हा कळलं, की गुलाब एकटा येत नाही, पाणी घेऊन येतो. गुलाबपाणी, सरबत, धुऊन ओल्याच टाकलेल्या पाकळ्या, पातळ पाकाचा गुलकंद, सगळ्यांतून पाणी.

फुलांच्या वासाचं आईस्क्रीम ज्यांचं असंच वारंवार फसतं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी जिभेवर ओळखा

"आईस्क्रीम रवाळ झालं" असं आपण सरसकट म्हणतो. पण रवाळपणा चार तऱ्हांचा असतो आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. काही उपाय तर एकमेकांच्या उलटे आहेत, त्यामुळे न ओळखता उपाय केला तर त्रास वाढतो. अर्धा चमचा आईस्क्रीम जिभेवर ठेवा, चावू नका, थोडं थांबा. कण झटकन वितळून पाणी झाला तर तो बर्फ. बाकी सगळं वितळून गेलं आणि बारीक रेतीसारखं काहीतरी मागे रेंगाळत राहिलं, मग सावकाश विरघळलं, तर ती दुधातलीच साखर, म्हणजे लॅक्टोज. दूध पावडर फार झाली की ती गारठ्यात कणी धरते. कण विरघळण्याऐवजी टाळूला चोपडा थर बसला तर ते लोणी, क्रीम गरजेपेक्षा जास्त फेटलं गेलं. आणि यातलं काहीच न होता दाताखाली कचकच तशीच राहिली, तर गुलकंदाच्या बरणीवरचं लेबल वाचा. प्रवाळयुक्त गुलकंद असेल तर त्यातलं प्रवाळ, म्हणजे पोवळ्याची पूड, दुधात विरघळत नाही. चमचाभर गुलकंद नुसता खाताना ते जाणवत नाही, पण तलम आईस्क्रीममध्ये लगेच लागतं. नुसत्या पाकळ्या आणि खडीसाखर एवढ्याचाच गुलकंद आणा.

बर्फ हा दोष सर्वांत जास्त आढळतो, म्हणून पुढचं बरंचसं त्याबद्दल आहे.

पाण्याचा हिशेब

पिशवीतल्या फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट आणि ९ टक्के इतर घनपदार्थ असतात. उरलेलं ८५ टक्के पाणी. मी आता जे प्रमाण घेते ते असं: १ लिटर दूध जाड बुडाच्या पसरट पातेल्यात आटवून साधारण ६५० मिली करायचं. म्हणजे ३५० मिली पाणी उडालं. त्यात २५ टक्के फॅटचं २०० ग्रॅम क्रीम, १०० ग्रॅम साखर, ८० ग्रॅम गुलकंद आणि थोड्या गार दुधात कालवलेला मोठा चमचाभर कॉर्नफ्लोअर. कॉर्नफ्लोअर दूध आटत आलं की घालायचा आणि दोन-तीन मिनिटं चांगला शिजू द्यायचा, नाहीतर कच्चट चव राहते. या सगळ्याचा हिशेब मांडला तर फॅट १० टक्क्यांच्या किंचित वर येतं, गुलकंदातली धरून साखर १५ टक्क्यांच्या आसपास आणि पाणी ६४ टक्के. बाजारात 'आईस्क्रीम' या नावाने विकायला दुधाचं फॅट निदान १० टक्के लागतं, त्यामुळे हे प्रमाण उगाच श्रीमंती नाही.

आता हेच दूध न आटवता घेतलं तर पाणी ७३ टक्क्यांवर जातं. करकर तिथूनच येते. आणि आटवलेल्या दुधात शेवटी "वास यायला हवा" म्हणून अर्धी वाटी गुलाबपाणी ओतलं, तर ते ७५ मिली तरी भरतं. गॅससमोर उभं राहून, तळ खरवडत जे पाणी उडवलं, त्यातला पाचवा हिस्सा एका क्षणात परत आला. मी वर्षानुवर्षं नेमकं हेच करत होते.

पाणी गोठणारच, त्याला इलाज नाही. प्रश्न खडा केवढा होतो एवढाच आहे. सुमारे ५० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा, मोठा खडा जिभेला कळतो, त्याहून लहान असेल तर तोच बर्फ मऊ लागतो. मोकळं पाणी कमी, गोठणं जलद आणि गोठताना ढवळणं, या तीन गोष्टींनी खडा लहान राहतो. कॉर्नफ्लोअर थोडं पाणी धरून ठेवतो, पण दुप्पट घातला तर आईस्क्रीम न होता खिरीची वडी होते. ते मी करून पाहिलं आहे.

वास पाण्यातून नको, सायीतून आणा

फ्रीजमध्ये साय उघडी राहिली आणि शेजारी चिरलेला कांदा असला, की दुसऱ्या दिवशी सायीला कांद्याचा वास लागतो. प्रत्येक स्वयंपाकघरात हे कधी ना कधी घडलेलं असतं. स्निग्ध पदार्थ वास ओढून घेतो. कांद्याचा घेतो तसा फुलाचाही घेतो. आपल्याकडे चमेलीचं तेल पूर्वीपासून याच रीतीने होत आलं आहे: तिळाचे आणि ताज्या फुलांचे थर एकावर एक रचायचे, फुलं बदलत राहायची आणि वास मुरला की ते तीळ घाण्यातून काढायचे. त्यात पाण्याचा थेंब नसतो. हेच क्रीमवर केलं की गुलाबपाण्याची गरजच उरत नाही.

गुलाब मात्र खाण्याजोगा हवा. लांब दांड्यांचे, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले गुलाब अजिबात नकोत. मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये पिकतात ते फुलदाणीसाठी वाढवलेले असतात. कोणी ते खाईल या विचाराने तिथे फवारणी होत नाही, शिवाय त्यांना वास जवळजवळ नसतोच. हाराच्या फुलांचंही तेच. स्वतःच्या कुंडीतला किंवा ओळखीच्या बागेतला, औषध न मारलेला देशी गुलाब हवा. चैती गुलाब मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण तो नावाप्रमाणे चैत्राच्या आगेमागे थोडेच दिवस असतो.

फुलं सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत तोडा. पाकळी उपटून हातात धरली की बुडाशी एक पांढरट, जाडसर टोक दिसतं. ते चावून पाहा, तुरट आणि किंचित कडू लागेल. पंधरा-वीस फुलांची ही टोकं कात्रीने काढायला दहा मिनिटं जातात आणि कंटाळाही येतो, पण "माझं गुलाब आईस्क्रीम कडवट का झालं" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या टोकातच असतं. पाकळ्या पाण्यात एकदा बुडवून काढा आणि सुती पंचावर पसरून पूर्ण कोरड्या करा. पाकळी पाकळीला चिकटेनाशी झाली की कोरडी झाली समजा.

क्रीम वेगळ्या पातेल्यात गरम करा, उकळी आणू नका. खाली उतरवून बोट सहज बुडवता येईल इतकं कोमट झालं की पाकळ्या त्यात दाबून बसवा, घट्ट झाकण लावा, अर्ध्या तासाने फ्रीजमध्ये ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी गाळा. गाळताना चमच्याने हलकं दाबायचं, मुठीत धरून पिळायचं नाही. पिळलं की पाकळीतला तुरटपणा क्रीममध्ये उतरतो. पाकळ्या दुधात घालून उकळल्या तरी तेच होतं, आणि वरून वास वाफेबरोबर सगळ्या घरात पसरून पातेल्यात काही उरत नाही. स्वयंपाकघर दरवळलं म्हणजे आईस्क्रीममधला गुलाब कमी झाला, हे मला फार उशिरा कळलं.

हे गाळलेलं क्रीम आटवलेल्या दुधात घालायचं ते दूध पूर्ण गार झाल्यावर. आणि मग सगळं मिश्रण आणखी निदान चार तास फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे. या वेळात फॅट नीट घट्ट होतं, दुधातली प्रथिनं आणि कॉर्नफ्लोअर पाणी धरतात. अनेकजण ही पायरी वगळून कोमट मिश्रणच फ्रीजरमध्ये ढकलतात. कोमट मिश्रण हळू गोठतं, आणि हळू गोठलं की खडे मोठे होतात.

मोगऱ्याची फुलं तर क्रीममध्ये बुडवायचीही गरज नाही. संध्याकाळी उमलू लागलेली घरच्या वेलीची फुलं एका छोट्या वाटीत ठेवायची. ती वाटी आणि पसरट भांड्यातलं क्रीम एकाच मोठ्या हवाबंद डब्यात शेजारी शेजारी, झाकण घट्ट. गुलाब तोडला की त्याचा वास ओसरू लागतो, मोगरा मात्र तोडल्यानंतरही कितीतरी तास वास सोडत राहतो. सकाळी झाकण उघडलं की क्रीमला मोगरा लागलेला असतो, माठातल्या पाण्याला लागतो तसा. हलका असतो, म्हणून पुन्हा संध्याकाळी ताजी फुलं ठेवून दुसरी रात्र काढावी. त्यात वेलची घालू नका, मोगरा दबतो. आणि कुठलंही पांढरं सुवासिक फूल चालेल असं मात्र समजू नका. कण्हेर विषारी आहे. ओळख पक्की असलेलं फूलच डब्यात जाऊ द्या.

ज्यांना ताजी फुलं मिळत नाहीत, विशेषतः परदेशात राहणाऱ्यांना, त्यांनी खाण्याचा रोझ इसेन्स थेंबाथेंबाने वापरावा, गार मिश्रणात, सगळ्यांत शेवटी. गरम दुधात घातला की वास उडतो, मग आणखी घातला जातो आणि आईस्क्रीम साबणासारखं लागतं. अत्तर कधीही नको, अगदी कन्नौजचं असलं तरी. ते अंगाला लावायला केलेलं असतं. एक लक्षात ठेवा, गारठ्यात जीभ गोडी आणि वास दोन्ही कमी ओळखते. गोठवायच्या आधी चाखताना मिश्रण थोडं जास्त गोड, थोडं जास्त वासाचं लागायला हवं.

उलटा त्रास: घट्टच होत नाही

काहींचं आईस्क्रीम बर्फाळ होण्याऐवजी दोन दिवसांनीही बासुंदीसारखं राहतं. हे साखरेचं काम. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली नेते. उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्येही आईस्क्रीममधलं थोडं पाणी साखरेमुळे द्रवच राहतं, म्हणून तर त्यात चमचा जातो. ती साखर बेताबाहेर गेली की सगळंच सैल राहतं. गुलाबाच्या आईस्क्रीममध्ये साखर तीन दारांनी येते: आपण घातलेली, गुलकंदातली आणि सरबतातली. गुलकंद आणि गुलाबाचं सरबत, दोन्हींत निम्म्याहून जास्त साखरच असते. आणि त्यातच गोड केलेलं नॉन-डेअरी व्हिप क्रीम वापरलं तर चौथं दार. सरबत घालायचंच असेल तर साधी साखर जवळजवळ बंद करा. मी सरबत सोडून दिलं. बऱ्याच सरबतांत सायट्रिक ॲसिड असतं आणि ते गरम दुधात पडलं की दूध फाटतं. हा अनुभव माझ्या बहिणीने पाहुणे यायच्या तासभर आधी घेतला.

गुलकंद तळाशी जाऊन बसत असेल तर तो दोन हप्त्यांत घाला. अर्धा मिश्रणाबरोबर मिक्सरमधून काढायचा, उरलेला आईस्क्रीम अर्धवट घट्ट झाल्यावर चमच्याने वरवर कालवायचा. पाक फार सुटलेला असेल तर गाळणीत थोडा वेळ निथळू द्या. निथळलेला पाक पाण्यात घालून पिता येतो.

रंगाबद्दल थोडं. पाकळ्या कितीही लाल असोत, दुधात त्या गुलाबी रंग देत नाहीत. पाकळीतला रंग आंबट द्रवात लाल दिसतो, दुधात तो राखाडी-जांभळट होतो. तुमचं काही चुकलेलं नाही. गुलाबी हवंच असेल तर बीट किसून त्याचा रस पिळा आणि एक छोटा चमचा गार मिश्रणात घाला. बीटचा रंग दुधात टिकतो, उकळण्यात मात्र उडतो. एका चमच्याच्या वर गेलात तर मातीचा वास येईल. मी स्वतः रंग घालत नाही, गुलकंदाची बदामी छटा मला आवडते.

फ्रीजरची बाजू

मिश्रण उत्तम असूनही खडे होतात ते इथे. लहानपणी आजोळी लाकडी बादलीत पॉट आईस्क्रीम व्हायचं. मधे धातूचा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ, साधारण तीन भाग बर्फाला एक भाग मीठ, आणि मामा दांडा फिरवत बसायचा. मिठामुळे तो बर्फ शून्याच्या खाली दहा-पंधरा अंश जातो. डब्याला चहूबाजूंनी खारं गार पाणी भिडलेलं असल्यामुळे मिश्रण झपाट्याने गोठतं, आणि आतलं पातं सतत फिरत असल्यामुळे खडा वाढायच्या आत मोडतो. फ्रीजरमध्ये भोवती हवा असते. ती उष्णता फार सावकाश ओढते, आणि ढवळणारं कुणी नसतं. ही उणीव आपल्याला हाताने भरून काढावी लागते.

त्यासाठी प्लॅस्टिकचा खोल डबा सोडून स्टीलचा पसरट डबा घ्या, तो आधीच तासभर फ्रीजरमध्ये ठेवून गार करा आणि दोन इंचांपेक्षा जास्त थर ओतू नका. तासा-दीड तासाने कडा गोठलेल्या आणि मध्य पातळ दिसेल. त्या वेळी सगळं गार केलेल्या मिक्सरच्या भांड्यात काढून काही सेकंद फिरवा, लगेच परत डब्यात. असं तीनदा. पूर्ण दगड झाल्यावर फिरवण्यात अर्थ नाही, खडे तोवर तयार झालेले असतात. आणि फार वेळ फिरवू नका, मिक्सरच्या उष्णतेने वितळतं आणि लोणी सुटण्याची भीती असते.

शेवटच्या वेळी क्लिंग फिल्म आईस्क्रीमच्या पृष्ठभागाला चिकटवून लावा, वर झाकण. मधे हवा राहिली की तिथे हिमाची पांढरी साय धरते. डबा फ्रीजरच्या मागच्या बाजूला, खालच्या अंगाला ठेवा, दारात कधीच नको. फ्रॉस्ट-फ्री फ्रीज अधूनमधून स्वतःचा बर्फ वितळवतो, त्या वेळी आतलं तापमान थोडं वर-खाली होतं. दर वेळी लहान खडे किंचित वितळतात आणि ते पाणी उरलेल्या मोठ्या खड्यांवर जाऊन गोठतं. म्हणून पहिल्या दिवशी तलम असलेलं आईस्क्रीम दहाव्या दिवशी खडबडीत होतं. घरचं आईस्क्रीम आठवड्याच्या आत संपवावं. उन्हाळ्यात जिथे तासन् तास वीज जाते तिथे मी एकदम मोठा डबा न करता चार छोटे करते आणि भोवती बर्फाच्या पिशव्या रचते.

क्रीमबद्दल नेहमी विचारलं जातं: २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी घट्ट फुगत नाही. फुगायला ३५ टक्क्यांच्या आसपास फॅट लागतं. वरच्या कृतीत फुगवायची गरज नाही. घरची साय चालते, पण ताजी, एक-दोन दिवसांची. तुपासाठी विरजण लावून साठवलेली साय आंबट असते. जीएमएस आणि सीएमसी या आईस्क्रीमसाठी मिळणाऱ्या पावडरींनी करणारी बरीच घरं आहेत आणि त्या रीतीत खोट नाही. जीएमएस फॅट आणि हवा धरून ठेवतं, सीएमसी पाणी. जीएमएस दुधात शिजवावंच लागतं आणि सीएमसी चिमूटभरच, तेही कोरड्या साखरेत मिसळून, नाहीतर गुठळ्या होतात. पण त्या आईस्क्रीममध्ये हवा खूप असते आणि गुलाबाचा वास विरळ वाटतो, म्हणून फुलांच्या प्रकारांना मी आटवलेलं दूधच घेते.

बिघडलेला डबा आत्ता फ्रीजरमध्ये असेल तर

टाकून देऊ नका. डबा रात्रभर खाली फ्रीजमध्ये ठेवून सावकाश वितळू द्या, ओट्यावर नको. बर्फाळ झालेलं असेल तर त्यात दोन मोठे चमचे दूध पावडर आणि शंभर ग्रॅम क्रीम घालून मिक्सरमधून काढा, गाळा, पुन्हा गार करून तीन वेळा फिरवण्याची रीत पाळा. रेतीसारखं असेल तर पावडर अजिबात नको, नुसतं क्रीम वाढवा. घट्टच होत नसेल तर पाव लिटर दूध निम्म्यापर्यंत आटवून, गार करून, साखर न घालता मिसळा. लोणी सुटलेलं असेल तर ते परत एकजीव होत नाही. गाळून वेगळं करा आणि उरलेलं दूध भिजवलेला सब्जा आणि शेवया घालून फालुद्यासारखं गार गार प्या. वीज जाऊन डबा पूर्ण वितळला आणि कोमट झाला असेल, तेवढा मात्र ओतून द्या.

वाढायच्या आधी डबा दहा-पंधरा मिनिटं फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये उतरवून ठेवा. त्याआधी वाढलं तर गुलाब जिभेला सापडत नाही.